आकडे ‘दिलेले असतात’, पण देतं कोण? एमबीएचा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर वाचताना

मागच्या सेमिस्टरला माझ्या मामेबहिणीने रात्री साडेदहाला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ती एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्पेशलायझेशन ऑपरेशन्स. सात ॲक्टिव्हिटी, प्रत्येकीसमोर तीन आकडे, आणि प्रश्न असा की प्रोजेक्ट ३८ दिवसांत पूर्ण होण्याची शक्यता किती. “ताई, झेड काढलं, आता टेबलमध्ये कुठे बघू?” मी सांगितलं. मग सहज विचारलं, “पहिल्या ॲक्टिव्हिटीला २, ५ आणि १४ दिवस लिहिलेत, ते कुणी ठरवले?”

“अगं, ते दिलेलं असतं ना!”

ती चुकीचं बोलली नाही. परीक्षेत ते दिलेलंच असतं. माझी या विषयाबद्दलची जवळजवळ सगळी तक्रार तिच्या त्या एका वाक्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पेटची तयारी करतोय, आम्हाला एमबीएच्या पेपरशी काय करायचंय? करायचंय. ॲडमिशन झाल्यावर काही महिन्यांत तुम्हाला सिनॉप्सिस लिहावा लागेल, आणि त्यात शेवटी एक तक्ता असतो: कोणतं काम कोणत्या महिन्यात. तो कसा करायचा हे मला एमएस्सीत कुणी शिकवलं नाही. कोर्सवर्कमध्येही नाही. मी सिनियरचा तक्ता घेतला, नाव बदललं आणि पट्ट्या थोड्या सरकवल्या. पद्धतशीर वेळेचं नियोजन शिकवणारा एक पेपर विद्यापीठात आहे, तो मॅनेजमेंटच्या इमारतीत. म्हणून बहिणीच्या नोट्स आणि पुस्तक घेऊन ते युनिट पूर्ण वाचलं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. नेटवर्क डायग्राम. आपण सिनॉप्सिसमध्ये जो काढतो तो गँट चार्ट, म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या. दिसायला छान, पण कोणतं काम कशासाठी अडून बसलंय हे त्यात लपतं. मी माझंच काम बाणांनी जोडून बघितलं. सिंथेसिस, मग एक्सआरडी, मग टीईएम, मग त्या निकालावरून पुढचा सॅम्पल. लिटरेचर रिव्ह्यूचं काय होईल या काळजीत मी पहिलं वर्ष काढलं होतं. डायग्राम सांगत होता की रिव्ह्यूच्या लिखाणाला पाच महिन्यांचा फ्लोट आहे; ते तेवढं लांबलं तरी शेवटची तारीख हलत नाही. क्रिटिकल पाथवर होतं टीईएम, जे आमच्याकडे नाही, बाहेर स्लॉट घ्यावा लागतो. त्याला मी तक्त्यात एक महिना दिला होता. हा एक महिना कुठून आला, विचारू नका.

इथून पुढे मात्र पुस्तक मला अडकवायला लागलं. सीपीएम आणि पर्ट यांतला फरक नोट्समध्ये दोन रकान्यांत आहे: एकात वेळेचा एकच अंदाज, दुसऱ्यात तीन. ‘फरक स्पष्ट करा, ५ गुण.’ असं का, हे नाही. सीपीएम १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत तयार झालं. केमिकल प्लँट उभारणं, बंद करून दुरुस्त करणं ही कामं त्यांनी आधी अनेकदा केली होती, त्यामुळे कशाला किती दिवस लागतात हे माहीत होतं. पर्ट १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी आलं. तिथे बरीच कामं जगात कुणी केलेलीच नव्हती, म्हणून एका आकड्याऐवजी तीन: सगळं सुरळीत झालं तर, बहुधा, आणि सगळं बिघडलं तर. म्हणजे तीन आकडे ही मुळात अज्ञानाची कबुली होती. नोट्समध्ये ती सूत्र होऊन बसली आहे: कमीत कमी, अधिक चार गुणिले बहुधा, अधिक जास्तीत जास्त, भागिले सहा. २, ५, १४ ला सहा दिवस. संपलं.

त्या सूत्रामागचं बीटा वितरण कुठून आलं, हे बघायला मी मागे गेले. पर्टच्या मूळ गटातल्या क्लार्क यांनी १९६२ मध्ये एक छोटी टिपण छापली. त्यात ते सरळ सांगतात की कामांच्या वेळा प्रत्यक्षात कशा पसरतात याची माहिती त्यांच्याकडे नव्हती. हिशेब जमावा म्हणून हे वितरण घेतलं. किती प्रामाणिक! आणि पोलॅरिसच्या यशाचं श्रेय पर्टला देणाऱ्या पुस्तकांनी हार्वे सॅपोल्स्की यांचं १९७२ चं पुस्तक वाचलेलं दिसत नाही. त्यांचं म्हणणं असं की पोलॅरिस यशस्वी झालं, पण त्यात पर्टचा वाटा फार नव्हता. त्याचा मोठा उपयोग बाहेरच्यांना आणि वरच्यांना ‘सगळं काबूत आहे’ असं दाखवण्यात झाला. हे वाचून मला आमची सहामाही प्रोग्रेस मीटिंग आठवली.

आता संशोधनाबद्दलचेच आकडे बघा. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा पदवीचा प्रबंध किती दिवसांत होईल? बहुधा लागणारे दिवस सरासरी ३३.९. सगळं उत्तम झालं तर २७.४, सगळं बिघडलं तर ४८.६. बरोबर पर्टचे तीन आकडे! ते मी बहिणीच्या सूत्रात टाकले. उत्तर ३५.३ दिवस. (सरासरींवर सूत्र चालवणं काटेकोर नाही, मान्य. अंदाजापुरतं घ्या.) प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस, आणि स्वतः सांगितलेल्या मुदतीत संपवणारे दहात जेमतेम तीन. सूत्राच्या दृष्टीने ५५ दिवस लागणं अशक्यच, कारण ‘जास्तीत जास्त’च्या पलीकडे बीटा वितरण जातच नाही. भागाकारात चूक नाही. लोकांचा ‘सगळं बिघडलं तर’ हा आकडाच आशावादी होता, आणि आशावादी आकडे सूत्रातून काढले की त्यांना दशांश चिन्ह मिळतं, शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या रचनेमुळेच झाकली जाते. गणितात एकच क्रिटिकल पाथ घ्यायचा आणि शक्यता काढायची. पण समजा थिसिस जमा करण्याआधी तीन वेगळ्या धाग्यांची कामं संपायला हवीत: पेपर छापून येणं, मोजमापं आणि लिखाण. तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आणि प्रत्येक वेळेत होण्याची शक्यता ५० टक्के. तिन्ही वेळेत होण्याची शक्यता साडेबारा टक्के. पुस्तकी पद्धत सांगेल ५०. पर्टवरची ही टीका १९६० च्या दशकापासून छापलेली आहे, पण बहिणीच्या नोट्समध्ये तिला एक ओळही नाही.

मॅनेजमेंटच्या शिक्षकांवर ढकलून मोकळं होण्यात अर्थ नाही. अंदाज कसा करतात हे तीन तासांच्या पेपरमध्ये विचारता येत नाही आणि दोनशे उत्तरपत्रिका तपासताना टेबलमधला आकडा सोयीचा असतो. तरी एक गोष्ट सहज जमेल. प्रत्येक एमबीए विद्यार्थी समर इंटर्नशिप करतोच. सुरुवातीला त्याच्याकडून प्रत्येक टप्प्याचे तीन आकडे लिहून घ्या, पाकीट बंद करा, शेवटी उघडा. दहा मार्क त्यालाच द्या. बहीण म्हणाली, “ताई, आमचा इंटर्नशिपचा रिपोर्ट तर शेवटच्या चार रात्रींत होतो.” मग पाकिटात तेच दिसेल!

तुमच्या तक्त्यासाठी मी काय करीन ते सांगते. स्वतःला ‘किती दिवस लागतील’ असं विचारण्याआधी, तेच काम केलेल्या चार-पाच जणांना ‘किती लागले’ ते विचारा, आणि तारखा मागा, आठवण नको. शोधगंगेवर तुमच्या विषयातले प्रबंध उघडा. काहींच्या सुरुवातीच्या पानांवर नोंदणीची तारीख मिळते, ती जमा केल्याच्या तारखेशी ताडून बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत, तर जेआरएफ आणि एसआरएफ मिळून फेलोशिप ५ वर्षांची. तुमचा तक्ता तीन वर्षांत संपत असेल आणि लॅबमध्ये पाचाच्या आत कुणीच सुटलेलं नसेल, तर लॅबवर विश्वास ठेवा. तुमचा सहाव्या वर्षाचा घरभाड्याचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

माझं चौथं वर्ष चालू आहे. टीईएमचा ‘एक महिना’ प्रत्यक्षात साडेसात महिन्यांचा झाला: आधी रांग, मग मशीन बंद, मग पुन्हा रांग. नव्या तक्त्यात मी एक जादा रकाना घातलाय, ‘आकडा कुठून आला’. टीईएमसमोर तीन सिनियरच्या बुकिंगच्या तारखा आहेत. ‘पेपर स्वीकृती’समोर आमच्या लॅबचे मागचे सहा पेपर, पाठवल्याची आणि स्वीकारल्याची तारीख धरून. शेवटच्या प्रकरणासमोर अजून नुसतं ‘मला वाटतं’ लिहिलेलं आहे. गाईडनी त्यालाच पेन्सिलने गोल केलाय.