भूमिगत कवकांचे वर्गीकरण आणि कोशिकारचनेचा पुरावा

जमिनीच्या पोटात वाढणाऱ्या ट्रफलसदृश कवकांचे बाह्यस्वरूप वर्गीकरणकारास फारसे साहाय्य करीत नाही. मातकट गोळा, न उघडणारे आवरण आणि आत बीजुकांनी भरलेला गर, एवढेच त्याच्या हाती लागते. आणि हे रूप दूरच्या नात्यातील अनेक कवकगटांनी स्वतंत्रपणे धारण केलेले आहे. म्हणूनच विट्टाडिनी (१८३१) व ट्युलान बंधू (१८५१) यांच्या काळापासून येथील निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली होत आले. बीजुके धानीत तयार होतात की गदाकोशिकेवर, या एका प्रश्नाने खरे ट्रफल आणि आभासी ट्रफल वेगळे झाले. या पद्धतीचे श्रेय निर्विवाद आहे. तिची मर्यादा मात्र पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

रुसुला कुलाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. या कुलातील छत्रीधारी कवकांच्या गरात गोलाकार कोशिकांचे पुंजके असतात, आणि आयोडीनयुक्त मेल्झर द्रवात त्यांच्या बीजुकांवरील उंचवटे निळे-काळे होतात. हीच लक्षणे काही भूमिगत गोळ्यांत आढळली, तेव्हा छत्री व पटलिका यांचा मागमूस नसतानाही त्यांचे कुल ओळखता आले. येथवरचे अनुमान अचूक ठरले. परंतु पुढे गोलाकार कोशिका आहेत की नाहीत, मध्यस्तंभ आहे की नाही, बीजुक सममित आहे की तिरके, अशा भेदांवर मार्टेलिया, जिम्नोमायसेस, मॅकोवॅनाइट्स या स्वतंत्र प्रजाती उभारण्यात आल्या. डीएनएच्या तुलनेपुढे त्या टिकल्या नाहीत. २००७ मध्ये लेबेल व टॉन्किन यांनी ऑस्ट्रेलिया परिसरातील मॅकोवॅनाइट्सच्या जाती रुसुला प्रजातीतच समाविष्ट केल्या.

कुल बरोबर आले आणि प्रजाती चुकल्या, याचे कारण लक्षणांचे मोल ठरविण्यात आहे. छत्रीधारी कवकाचे बीजुक झटक्याने फेकले जाते व त्याचे तिरकेपण या क्रियेशी निगडित असते. भूमिगत कवकास बीजुक फेकावयाचे नसते. गंधाने आकृष्ट झालेले प्राणी गोळा खाऊन त्याचा प्रसार करतात. सममिती हा अशा रीतीने भूमिगत जीवनाचा परिणाम असून तो वेगवेगळ्या शाखांत पुनःपुन्हा घडू शकतो. बीजुकावरील उंचवट्यांचा आयोडीनशी होणारा रंगबदल मात्र या स्थित्यंतरातही टिकून राहिला. यास्तव प्रत्येक लक्षणास प्रथम एक प्रश्न विचारावयास हवा: जमिनीखालील जीवनाने ते बदलण्याजोगे आहे काय?

पालघर परिसरातील अभ्यासास हा प्रश्न विशेष लागू पडतो. पूर्वेकडील वनांतील सागाच्या मुळांशी सहजीवन करणारी कवके ग्लोमससारख्या गटांतील होत. त्यांपैकी काहींची बीजुके एकत्र येऊन इवले गोळे बनतात. त्यांत धानीही नसते आणि गदाकोशिकाही नसते. थॅक्स्टर यांनी १९२२ मध्ये अशी कवके एंडोगोनच्या कुलात घातली होती. २००१ मध्ये ती स्वतंत्र संघात गेली. बोईसर-तारापूरच्या किनारपट्टीवरील सुरूच्या बनांत स्थिती निराळी आहे. सुरूच्या मुळांशी स्क्लेरोडर्मा व पिसोलिथस यांचे सहजीवन ज्ञात आहे. हा वृक्ष येथे बाहेरून आणून लावलेला असल्याने युरोपीय वनांवर बेतलेल्या ओळखसूची येथे अपुऱ्या पडणार. स्क्लेरोडर्माच्या काही जाती विषारी असून कोवळेपणी त्या खाद्य भूछत्रांसारख्या भासतात. नाव चुकल्याचा परिणाम येथे संग्रहालयापुरता मर्यादित राहात नाही.

म्हणून नमुना ताजा असतानाच त्याचे छेद तपासावेत, कारण वाळल्यावर गोलाकार कोशिका चेपतात. आयोडीनची प्रतिक्रिया व यजमान वृक्ष नोंदवावा. आणि वाळविलेला भाग पुण्याच्या आजरेकर कवकसंग्रहासारख्या ठिकाणी ठेवावा, म्हणजे पुढे डीएनए-तपासणीने निर्णय पडताळता येईल. सूक्ष्मदर्शकाची साक्ष अशा उलटतपासणीस उभी राहिली, तरच ती वर्गीकरणात ग्राह्य मानता येईल.