संघ आणावा की उभारावा? : फुटबॉल-चाहत्यांच्या एका मागणीची चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात 'आणा' हे क्रियापद विशेष परिचयाचे आहे. पाणी आणा, रेल्वे आणा, उद्योग आणा, अशा मागण्यांभोवती येथील कित्येक आंदोलने उभी राहिली. बीडकरांनी रेल्वेसाठी काही दशके वाट पाहिली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे गाडी धावली. एकदा आलेला लोहमार्ग सहसा कोणी उचलून नेत नाही. परंतु 'आणा' या मागणीचा विषय व्यावसायिक फुटबॉल संघ असेल, तर तिचा अर्थ बदलतो. संघ जसा आणता येतो, तसाच तो नेताही येतो. आपल्या शहरात व्यावसायिक संघ यावा म्हणून चाहते जी मागणी करतात, तिचे स्वरूप आणि तिची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संघाआधीचे चाहते

या मागणीचे सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. फिलाडेल्फिया येथे २००७ साली 'सन्स ऑफ बेन' ही चाहत्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हा मेजर लीग सॉकरमध्ये त्या शहराचा संघच नव्हता. अस्तित्वात नसलेल्या संघाचे हे पाठीराखे इतर संघांच्या सामन्यांना जाऊन आपल्या शहराच्या नावाने घोषणा देत. २००८ मध्ये शहराला संघ मंजूर झाला आणि २०१० पासून 'फिलाडेल्फिया युनियन' मैदानात उतरला. चाहत्यांच्या जिद्दीचा विजय म्हणून ही कथा सांगितली जाते, आणि ते खोटे नाही. तथापि ती एवढ्यावर संपत नाही. संघ मिळण्यासाठी गुंतवणूकदार लागले आणि चेस्टर येथे मैदान उभारण्यासाठी सार्वजनिक निधीही लागला. चाहत्यांनी मागणी सिद्ध केली. निर्णय मात्र लीगने आणि मालकांनी घेतला. मागणी करणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा, ही विभागणी या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

पुण्याचा अनुभव

महाराष्ट्रात या विभागणीचे परिणाम सर्वाधिक स्पष्टपणे पुण्यात दिसतात. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. २०१५ मध्ये तो बंद झाला. भारत एफसी २०१४–१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर आलेला एफसी पुणे सिटी २०१७–१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि २०१९ मध्ये, मालकांच्या आर्थिक अडचणींच्या काळात, संपला. बारा वर्षांत चार संघ आले आणि चारही गेले. त्यांपैकी उपविजेता ठरलेला संघही टिकू शकला नाही, ही बाब लक्षणीय आहे. संघ मैदानावर हरले म्हणून शहराने ते गमावले, असे म्हणण्यास आधार राहत नाही.

एफसी पुणे सिटीची लीगमधील जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीने घेतली. त्याच वर्षी दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. हैदराबादच्या संघाने २०२१–२२ चे विजेतेपद मिळवले; पण २०२५ मध्ये तोही दिल्लीस हलवण्यात येऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या दिल्लीने २०१९ मध्ये संघ गमावला, तिला सहा वर्षांनी हैदराबादचा संघ मिळाला. हैदराबादला तो पुण्याच्या रिकाम्या जागेवर मिळाला होता. एका शहराची 'आणा' ही मागणी पूर्ण होताना दुसऱ्या शहराच्या चाहत्यांवर तीच मागणी नव्याने करण्याची वेळ येते.

पुण्यात संघ होता तेव्हा 'ऑरेंज आर्मी' या नावाने त्याचे पाठीराखे बालेवाडीच्या प्रेक्षागारात जमत. संघ बंद होताना या पाठीराख्यांपाशी विरोध नोंदवण्याचे कोणतेही वैध साधन नव्हते. ते भागधारक नव्हते, सभासद नव्हते, मतदार नव्हते. तिकीट घेणारा ग्राहक एवढीच त्यांची मान्यताप्राप्त ओळख होती. भावनेने ते स्वतःला संघाचे धनी समजत होते; व्यवहाराने ते धनी नव्हते.

निविदा आणि नकाशा

संघ कोणत्या शहरास मिळतो, याचे उत्तरही येथे शोधावे लागते. २०१७ साली लीगच्या विस्तारासाठी निविदा मागवताना दहा शहरांची नावे पुढे ठेवण्यात आली. त्यांत जमशेदपूर, रांची, दुर्गापूर, सिलिगुडी, कटक अशी मध्यम शहरे होती; कोल्हापूरचे नाव नव्हते. अखेरीस बंगळूरु आणि जमशेदपूर यांची निवड झाली. जमशेदपूरच्या पाठीशी टाटा स्टील होती. येथे प्रेक्षकांची संख्या किंवा खेळाची परंपरा यांपेक्षा गुंतवणूकदाराची तयारी निर्णायक ठरते, असे दिसते. चाहत्यांचे निवेदन कितीही स्वाक्षऱ्यांचे असो, निविदेच्या कागदात त्यासाठी रकाना नसतो.

तालमीचा संघ

कोल्हापूरचे उदाहरण या पार्श्वभूमीवर तपासण्यासारखे आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा तेथे लोटतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांना मिळणारा प्रतिसाद अनेक व्यावसायिक संघांना हेवा वाटावा असा असतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. येथील बोलीत पाठीराख्याला 'चाहता' म्हणण्यापेक्षा 'समर्थक' म्हणण्याची रीत अधिक आहे, हेही सूचक आहे. चाहता आवड व्यक्त करतो. समर्थक बाजू घेतो, वर्गणी देतो, प्रसंगी भांडतोही. तालमीचा संघ पेठेने आणलेला नसतो, तो पेठेतूनच उभा राहिलेला असतो. त्यामुळे पाटाकडील तालीम हैदराबादला हलवावी, ही कल्पनाच हास्यास्पद ठरते.

परंतु तालमीचे उदात्तीकरण करून चालणार नाही. समर्थकांची निष्ठा अनेकदा हाणामारीपर्यंत गेली आहे आणि त्याची झळ खेळालाच बसली आहे. बाहेरील राज्यांतील व परदेशी खेळाडू मानधनावर आणण्याची प्रथा तालमींतही रुजली, म्हणजे पैशाचा प्रश्न तेथेही आहे. शिवाय राष्ट्रीय पातळीवरील परवान्यासाठी मैदान, प्रशिक्षक, युवा संघ, कायदेशीर रचना आणि तपासलेले हिशेब यांची पूर्तता करावी लागते. २०२३ मध्ये पंजाबचा, तर २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगचा संघ आय-लीग जिंकून वरच्या लीगमध्ये गेला. म्हणजे खेळाच्या बळावर चढण्याची शिडी आता आहे. तथापि पेठेच्या अभिमानावर त्या शिडीच्या पहिल्या पायऱ्याही चढता येत नाहीत. पुण्याकडे जे होते, ते कोल्हापूरकडे नाही. आणि कोल्हापूरकडे जे आहे, ते पुण्याकडे नव्हते.

मालकीचे अन्य मार्ग

हे द्वंद्व अपरिहार्य नाही. जर्मनीत १९९८ मध्ये क्लबांना कंपनी स्थापण्याची मुभा मिळाली. पण निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडेच राहावा, असे बंधन घालण्यात आले. भांडवल येऊ शकते. मताधिकार मात्र सभासदांच्या हातून सुटत नाही. इंग्लंडमध्ये विम्बल्डन एफसी मिल्टन कीन्स येथे हलवण्यास २००२ साली परवानगी मिळताच चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा संघ स्थापन केला. तळच्या पातळीवरून चढत तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरात, प्लाउ लेन येथे परतला. त्यांनी मालकाकडे संघ परत मागितला नाही, तो उभारला. त्यासाठी नऊ वर्षे खालच्या लीगमध्ये खेळण्याची तयारी मात्र ठेवावी लागली.

आपल्याकडे आणखी एक साधन दुर्लक्षित आहे. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी शासनाने उभारले. खाजगी संघ सार्वजनिक मैदानावर खेळणार असेल, तर नाव, रंग आणि शहर बदलण्यापूर्वी सभासद-चाहत्यांचे मत घेण्याची अट मैदानाच्या करारात घालता येणे अशक्य नाही. चाहत्यांच्या मागणीपत्रांत असे कलम क्वचितच आढळते. संघ येण्याच्या आनंदात तो जाण्याच्या शक्यतेचा विचार मागे पडतो.

समारोप

बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे 'परमरहस्य'कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस गावोगावच्या दिंड्या पायी तेथे पोहोचतात. कपिलधार आपल्या गावी आणावे, अशी मागणी कोणी करत नाही. चालणे, मुक्कामाची व्यवस्था करणे, अन्नदानाचा भार वाटून घेणे, या कृतींतून ते स्थान प्रत्येक गावाचे होते. श्रद्धा आणि खेळ यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. आपलेपणा कशाने सिद्ध होतो, एवढेच या उदाहरणाने दाखवायचे आहे. आपलेपणा जबाबदारीच्या वाटपातून येतो, केवळ सान्निध्यातून नव्हे.

चाहत्यांच्या मोहिमेचे मोल यामुळे कमी होत नाही. संघाआधी समाज निर्माण करण्याची शक्ती तिच्यात आहे, हे फिलाडेल्फियाने दाखवले. मात्र 'संघ आणा' एवढीच तिची मागणी राहिली, तर संघ नेण्याचा मालकाचा अधिकार ती न बोलता मान्य करते. २०२५ मध्ये हक्कांच्या कराराचा प्रश्न निर्माण होऊन संपूर्ण इंडियन सुपर लीगचाच हंगाम लांबणीवर पडला. तेव्हा संघांचे चाहतेच नव्हेत, तर खेळाडूही हतबल होते. म्हणून मागणीचे पहिले वाक्य बदलणे आवश्यक आहे. 'आमच्या शहराला संघ द्या' या वाक्याच्या आधी 'त्या संघात आमचे मत किती?' हा प्रश्न यावयास हवा. पुण्याने हा प्रश्न विचारला नाही, आणि कोल्हापूरला तो विचारण्याची गरज अद्याप भासलेली नाही. ज्या दिवशी एखादा गुंतवणूकदार शाहू स्टेडियमच्या दारात उभा राहील, त्या दिवशी पेठांना तो विचारावाच लागेल.