चेंबूरचें गांवठाण आणि रसिकांची मोजपट्टी

जुन्या ग्रंथाचें परीक्षण आणि जुन्या वस्तीचें परीक्षण या दोन गोष्टी आमच्या मतें फारशा निराळ्या नाहींत. दोहोंतही परीक्षकाला प्रथम आपली मोजपट्टी तपासून घ्यावी लागते. ओवीला श्लोकाचे नियम लावून ती सदोष ठरविणाऱ्या टीकाकाराला आपण हंसतों. परंतु गांवांच्या बाबतींत आपले सुशिक्षित रसिक तोच प्रमाद रोज करीत असतात. चेंबूरचें गांवठाण हें त्याचें जवळचें उदाहरण होय.

‘ऐतिहासिक मध्यवस्ती’ हे शब्द उच्चारतांच रसिकांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें बहुधा परदेशचें असतें. कॅरिबियन समुद्रांतील क्यूबा बेटावरचें त्रिनिदाद हें लहानसें गांव घ्या. मध्यें चौक, त्याच्या कडेला चर्च, भोंवतीं रंगीत भिंतींचीं कौलारू घरें, दगडगोट्यांचे रस्ते. १९८८ सालीं युनेस्कोनें हें गांव व त्याच्या शेजारचें उसाच्या मळ्यांचें खोरें जागतिक वारशाच्या यादींत घातलें. त्याचें सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु तें टिकलें कां, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तेथील वाड्यांचा पैसा साखरेचा, आणि साखर गुलामांच्या श्रमाची. एकोणिसाव्या शतकांत तो धंदा बसला, पैसा दुसरीकडे गेला, आणि जुनें पाडून नवें बांधण्याची ऐपत गांवांत उरली नाहीं. त्या गांवाचें रूप रसिकतेनें जितकें राखलें, त्याहून अधिक दारिद्र्यानें राखलें, असें म्हणणें भाग आहे.

चेंबूरच्या वांट्याला नेमकें उलटें आलें. तुर्भे बेटाच्या वायव्य कोपऱ्यांतील हें खेडें. या बाजूच्या गांवठाणांत ज्यांची वस्ती जुनी, त्यांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकही आहेत. त्यांचें हें नांव १८८७ सालचें, पण बोली मराठीच. कुर्ल्याहून चेंबूरला रेल्वेचा एकेरी फांटा १९०६ सालीं आला, आणि उतारूंसाठीं तो १९२४ सालीं खुला झाला. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांची छावणी येथें पडली. १९४८ सालीं राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ निघाला, पुढें शेजारींच तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले. सिंधी आले, पंजाबी आले, तामीळ कुटुंबें आलीं. प्रत्येक लाटेनें गांवाचा मध्यबिंदु थोडा सरकविला: प्रथम तो गांवठाणांत होता, मग स्टेशनाबाहेरच्या बाजारांत गेला, पुढें नाक्यावर आणि कँपांत वांटला गेला.

आतां या गांवाला त्रिनिदादची मोजपट्टी लावा. चौक नाहीं, वाडे नाहींत, एका काळाची एकसंध शोभा नाहीं. लगेच निकाल दिला जातो कीं, येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्या मतें हा निकाल चुकीचा आहे. गांवठाण म्हणजे सरकारी मोजणीनें शेतजमिनीपासून वेगळी काढलेली राहण्याची जागा. तिचें मोल इमारतींत नसून मांडणींत असतें. घराला लागून घर, मध्यें पायीं चालण्याइतकी गल्ली, दाराशीं ओटा, आणि चार घरांनीं मिळून वापरलेली मोकळी जागा. पत्रा जाऊन स्लॅब आला तरी ही मांडणी मोडत नाहीं. ती मोडते ती दहा घरांची जमीन एक होऊन तीवर एक मनोरा उभा राहतो तेव्हां. शब्द जुना झाला म्हणून मरत नाहीं, बोलणारा उरला नाहीं म्हणजे मरतो. गल्लीचेंही तसेंच आहे.

आपल्या वारसा-नियमांचा कल मात्र इमारतीकडे. १९९५ सालीं मुंबईसाठीं हे नियम झाले, इमारतींच्या प्रती लागल्या. वस्त्यांनाही त्यांत जागा मिळाली, व गिरगांवची खोताची वाडी हें तिचें ठळक उदाहरण. २०१८ सालीं दक्षिण मुंबईंतील इमारतींचा समूह युनेस्कोच्या यादींत गेला. हें सर्व योग्यच झालें. परंतु चेहरा देखणा असला तरच संरक्षण, अशी जी समजूत त्यांतून लोकांत रूढ झाली, ती गांवठाणांना घातक आहे. आणि नुसत्या कीर्तीनेंही कांहीं टिकत नाहीं. ज्याचें नांव देशभर झालें तो आर. के. स्टुडिओ २०१७ सालीं आगींत सांपडला, आणि २०१९ सालीं ती जागा इमारती बांधण्यासाठीं विकली गेली.

यावर कोणी म्हणेल कीं, गल्लीचें कौतुक करणारा स्वतः गल्लींत राहत नाहीं. तेथल्या माणसाला नळाला पाणी, अंगभर उजेड आणि मुलाच्या संसाराला एक खोली जास्त हवी आहे. हा आक्षेप खरा आहे, व त्याला बगल देणारी रसिकता आम्हांस मान्य नाहीं. दारिद्र्यानें राखलेलें सौंदर्य आम्हांस येथें नको आहे. परंतु एक खोली वाढविणें आणि गांवठाण पुसून टाकणें, यांच्यामध्यें पुष्कळ पायऱ्या आहेत. लहान जागेवर दुरुस्तीला व एखादा मजला चढविण्याला सोपी परवानगी असावी. गल्लीचा व मोकळ्या जागेचा हक्क सामाईक राहावा. आणि कोणताही बेत ठरण्यापूर्वीं राहणाऱ्यांस विचारावें. अशा अटींवर मांडणी राहील व माणूसही राहील.

परीक्षकाचें काम पारितोषिकें वांटण्याचें नव्हे. समोर काय आहे तें नीट ओळखण्याचें आहे. त्रिनिदादमध्यें एक काळ थांबून राहिला आहे, तर चेंबुरांत अनेक काळ एकाच बाजाराला येतात. पहिल्याला पाहुणा पुरतो. दुसऱ्याला रहिवासी लागतो. तो रहिवासी गेला तर राखण्यासारखें तेथें कांहींच उरणार नाहीं, आणि मग गांवठाण हा शब्द नकाशावर तेवढा वाचावा लागेल.