एका डोळ्याचे पाहणे



कीर्तनकाराने सिनेमावर लिहावे, हे काहींच्या कपाळाला आठी घालणारे आहे. पण आपल्या परंपरेला पडद्याचे वावडे कधी नव्हते. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि विष्णुपंत पागनिसांचा चेहरा कितीतरी घरांत तुकोबांचा चेहरा होऊन बसला. तेव्हा चित्र पाहावे की नाही, हा आपला प्रश्न नाही. चित्र पाहताना आपण काय करतो, हा प्रश्न आहे. तो मला एका साध्या प्रसंगाने पडला.

माझा नातू बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी मोबाइल घेऊन समुद्रावर जातो, फोटो काढतो. एकदा त्याने नवापूरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त दाखवला. सोन्यासारखे पाणी, ओल्या वाळूत उमटलेले आभाळ. मी म्हटले, “बाळा, छान आहे. पण मागच्या महिन्यात आपण तिथे गेलो होतो, तेव्हा वाळूवर मेलेले मासे होते, पिवळट फेस होता. तो कुठे गेला?” तो म्हणाला, “होता ना आजोबा, डाव्या बाजूला. तो कापला. चांगलं दिसत नव्हतं.”

त्याने खोटे काही केले नव्हते. सूर्यही खरा होता, पाणीही खरे होते. तरी मला ते चित्र टोचत राहिले. का टोचले, ते शोधायला मला ‘चांगदेव पासष्टी’कडे जावे लागले.

चांगदेवांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानोबारायांना पत्र कसे लिहावे, मायना काय घालावा, हे न सुचल्याने त्यांनी कोरा कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. त्या ओव्यांत माउली पाहण्याचेच निरूपण करतात. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे, ही त्रिपुटी. आरशात मुख दिसते तेव्हा एकाचे दोन झाल्यासारखे वाटतात; पण आरसा मुखाला जन्म देत नाही. आरसा नव्हता तेव्हाही मुख होतेच. पाहणारा स्वतःलाच पाहत असतो आणि मध्ये आरशाचे निमित्त होते. सृष्टी आणि आपले चैतन्य यांचे नाते माउलींनी असे सांगितले.

आता हाच निकष चित्राला लावून पाहा. जे चित्र पाहणाऱ्याला बाहेर उभे करते, ‘तू इथे थांब, निसर्ग तिकडे आहे’ असे सांगते, तो देखावा. जे चित्र पाहणाऱ्याला उचलून आत नेते, ते दर्शन. कॅमेरा महाग की स्वस्त, रंग किती गडद, हा विचार त्यानंतरचा.

सिद्धांत झाला, आता दृष्टांत. डॉ. जब्बार पटेल यांचा १९७७ सालचा ‘जैत रे जैत’ आपल्यातल्या जाणत्या मंडळींनी पाहिला असेल. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची. गोनीदा म्हणजे आपल्याच वाटेवरचा माणूस. कोवळ्या वयात घर सोडले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, वेदान्ताचा अभ्यास केला, ज्ञानोबा-तुकोबांवर कादंबऱ्या लिहिल्या. म्हणून ठाकरवाडीची ही गोष्ट वाचताना आणि पाहताना मला ती परकी वाटली नाही. ठाकर तर आपल्या जव्हार-मोखाड्यातही आहेत.

नाग्या हा भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा. पुण्यवंत व्हावे, ही त्याची ओढ. लिंगोबाच्या डोंगरावर मधमाशांची पोळी आहेत. तिथल्या राणीमाशीचे दर्शन पुण्यवंतालाच होते, ही त्याची श्रद्धा. तो नेमाने वागतो आणि डोंगर चढतो. माशा त्याला फोडून काढतात, त्यात त्याचा एक डोळा जातो. इथे कथा वळते. ‘मी पाप केले नाही, मग मला हे का?’ हा त्याचा प्रश्न, आणि त्या प्रश्नातून वैर. ज्या डोंगराला तो हात जोडत होता, त्याच डोंगरावरची पोळी उतरवायची त्याने प्रतिज्ञा केली. त्याच्या जिद्दीवर जीव लावणारी चिंधी आपला नवरा सोडून त्याच्याकडे आली. शेवटी नाग्याने पोळी पाडली. जैत झाली. पण चिंधी माशांच्या डंखांनी गेली.

माउलीहो, नाग्याचा पहिला डोळा माशांनी नेला. दुसरा त्याने स्वतःच मिटला. उरलेल्या डोळ्याला डोंगर दिसेना, झाड दिसेना, चिंधीही पुरती दिसेना. फक्त शत्रू दिसू लागला. आणि याचे मूळ कुठे आहे? त्याच्या पुण्याईत सौदा होता. मी नेम पाळला, आता तू दर्शन दे. सौदा फसला की सकाम भक्तीचे वैर व्हायला वेळ लागत नाही. आपणही पाऊस वेळेवर आला की त्याला देव म्हणतो आणि पीक वाहून गेले की शिव्या देतो. निसर्ग दोन्ही वेळा तोच असतो. एवढे मोठे निरूपण या चित्रपटात आहे आणि तेही एकाही प्रवचनाशिवाय. मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी डोळ्यांनी आणि पायांनी बोलतात. पायाखालचा कातळ त्यांना माहीत आहे असे वाटते.

दोष सांगायचे तर दोन सांगतो. ठाकरांची कथा, पण मुख्य पात्रे करणारे नट शहरातले. त्यांनी मेहनत केली, तरी ठाकराला स्वतःची गोष्ट स्वतः दाखवायला मिळाली नाही. दुसरा दोष गोडीचा. गीते ना. धों. महानोरांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. ती गाणी इतकी रसाळ आहेत की घराघरांत गाणीच राहिली, चिंधीचे मरण विसरले गेले. कीर्तनातही असे होते, हे मी अनुभवाने सांगतो. चाल इतकी गोड लागते की श्रोता चाल घेऊन घरी जातो आणि अर्थ मंडपात राहतो. हा दोष थोडा गाणाऱ्याचा, थोडा ऐकणाऱ्याचा.

चलच्चित्रावरून स्थिरचित्राकडे येऊ. आपल्या वारीचीच छायाचित्रे घ्या. २०११ साली उद्धव ठाकरे यांचे ‘पहावा विठ्ठल’ हे आकाशातून घेतलेल्या चित्रांचे पुस्तक आले. वरून पाहिले की वारी नदीसारखी दिसते. त्यात माझा फेटा कोणता, तुमची तुळस कोणती, ओळखू येत नाही. हे चांगलेच आहे. ‘मी’ पुसला जातो. पण तिथून टाचेची भेग दिसत नाही, फोड दिसत नाही, मुक्काम हलल्यावर माळावर मागे पडलेला कचराही दिसत नाही. उलट संदेश भंडारे यांनी वारीबरोबर चालत जमिनीवरून चित्रे काढली. तिथे घाम आहे, शेतकऱ्याचे तोंड आहे, चिखल आहे. माझे मत विचाराल, तर मी चालणाऱ्याच्या बाजूचा. पण वरचे चित्र मी टाकून देणार नाही. आकाशातला डोळा अहंता काढतो, जमिनीवरचा डोळा ममता देतो. एकच ठेवला, तर आपला नाग्या होतो.

या बाबतीत आपल्या पालघर जिल्ह्याला शिकायला दूर जावे लागत नाही. डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या घरी लग्न असले की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आत पालघाट देवी, भोवती झाडे, माणसे, जनावरे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांकडे नीट पाहा. माणूस मोठा आणि झाड लहान, असे तिथे नसते. ज्या काडीसारख्या रेघेने माणूस होतो, तिच्याच बहिणीने झाड होते. सूर्यास्त पाहत वेगळा उभा असलेला कुणी तिथे नाही. सगळे कामात आहेत, नाचात आहेत, आत आहेत. तुकोबारायांनी वनातल्या झाडांशी नाते जोडले, ते याच नजरेने.

आता पुन्हा नवापूरला चला. आपल्या या पट्ट्यात १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढच्या दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. औद्योगिक वसाहत वाढली, तिचे सांडपाणी नवापूरकडे समुद्रात जाऊ लागले. खाडीतली मासळी गेली, म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२च्या जानेवारीत लवादाने भरपाईचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हे सारे त्या फोटोच्या डाव्या बाजूला होते.

म्हणून मी नातवाला म्हटले, “पुन्हा जा आणि न कापता फोटो काढ.” तो गेला. सूर्यही आला, फेसही आला, जाळे झटकणारी एक बाईही आली. फोटो मला पहिल्यापेक्षा सुंदर वाटला. मी म्हटले, “हा सगळ्यांना पाठव.” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आजोबा, हा टाकला तर कंपनीत विचारतील.”

माउलीहो, इतकी वर्षे व्यासपीठावरून प्रश्नांची उत्तरे दिली, पण त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या पगारात घर चालते. माझ्या दम्याचे औषध त्याच पगारातून येते. आमच्या हरिपाठाला बसणारी निम्मी मंडळी पोटासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून या वसाहतीत आली आहेत. मी चित्राबाहेर उभा राहून नातवाची परीक्षा घेत होतो आणि मीच त्या फेसात होतो. पाहणारा आणि पाहिलेले वेगळे नाहीत, हे शेकडो वेळा निरूपणात सांगितले. कळले ते त्या संध्याकाळी, आणि ते सुखाचे नव्हते.

तो फोटो त्याने पाठवला नाही. मी पुन्हा आग्रह केला नाही. पण गेल्या एकादशीला भजन संपल्यावर त्याने आपण होऊन मोबाइल काढला आणि तो मंडळींना दाखवला. कुणी बोलले नाही. मग एक मांगेला माउली, जिच्या घरची होडी आता किनाऱ्यावरच पडून असते, ती म्हणाली, “आमचं खरं दाखवलंस रे बाबा.” रविवारी पाच-सात जण किनाऱ्यावर गेलो, हाताला आला तेवढा कचरा गोळा केला. पाण्यातला फेस त्याने गेला नाही. त्यासाठी कायदा आणि कारखानदार दोघांनी जागे व्हायला हवे. तरी गेलो. गोनीदा ज्यांच्यामागे हिंडले, ते गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. तो क्रम आमच्या हातून उलटा झाला, एवढेच.

यंदा वारीत आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती मोबाइल असेल. फोटो जरूर काढा. दिवेघाटातली पालखी काढा, चंद्रभागेवरची पहाट काढा. फक्त एक विनंती आहे. कापण्यापूर्वी कडेला काय आहे ते एकदा पाहा. आणि ते आपल्याच दिंडीने टाकलेले असेल, तर फोटोआधी वाका.