दाराचे माप

मातीतले छिद्र मोजायचे कसे? ढेकूळ फोडावे तर छिद्र मोडते, न फोडावे तर ते दिसत नाही. मृदाशास्त्राने हे काम पाण्यावरच सोपवले. ती कृती पुन्हा पुन्हा पाहावी इतकी देखणी आहे.

पितळी कड्यात न विस्कटता कापून घेतलेली माती तुडुंब भिजवतात आणि ओल्या बारीक वाळूवर ठेवतात. वाळूच्या तळाला जोडलेल्या नळीचे तोंड हळूहळू खाली नेतात. लटकणारे पाणी मातीतल्या पाण्याला ओढू लागते. तोंड १० सेंटिमीटर खाली गेले, की साधारण ०.३ मिलिमीटरहून रुंद छिद्रे रिती होतात. १०० सेंटिमीटरला ०.०३ मिलिमीटरपर्यंतची. ओढ दसपट झाली की छिद्राचे माप दशांशावर येते. प्रत्येक टप्प्याला कडे तोलायचे. घटलेले वजन म्हणजे त्या मापाच्या छिद्रांतले पाणी. डोळ्याला न दिसणारे तराजूला कळते!

पुढची ओढ नळीच्या आवाक्याबाहेरची. तिथे बंद पात्रात हवेचा दाब १५ बारपर्यंत चढवतात. आता पाणी उरते ते ०.२ मायक्रॉनहून अरुंद छिद्रांत, आणि बहुतेक पिके कायमची कोमेजतात तीही याच सुमारास. या पद्धतीचा गाभा मला इथे सापडतो: पिकाचे मूळ मातीला जे विचारते, तेच ही पद्धत विचारते.

वॉशबर्न यांनी १९२१ साली सुचवलेली पाऱ्याची वाट उलटी. पारा मातीला भिजवत नाही, म्हणून तो दाबाने आत रेटावा लागतो. तो काही नॅनोमीटरपर्यंत पोचतो, पण त्याला माती कोरडी लागते.

दोन्ही वाटांची मर्यादा एकच. ऐसपैस पोकळीचे तोंड चिंचोळे असेल, तर माप तोंडाचेच मिळते. खोलीचे नाही, दाराचे. आपली काळी माती तर पाणी सुटताच आकसते, म्हणजे मोजता मोजता छिद्रच बदलते. तिच्या छिद्रांच्या मापांचा आलेख वाचताना हे विसरून चालत नाही.

पावसानंतर शेतकरी ढेकूळ मुठीत दाबतो. ते हाताला न चिकटता मोकळे फुटले, की म्हणतो, वाफसा आला. रुंद छिद्रांत हवा शिरली, अरुंद छिद्रांत ओल राहिली. कड्यातली माती तोलताना मला ती मूठ आठवते.