हिऱ्यांच्या खाणींचा धनी आणि आपली रंगभूमि

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकांतील (प्रथम प्रयोग १९११) लक्ष्मीधर हा आपल्या संगीत रंगभूमीवरील श्रीमंतीचा ठरलेला नमुना होय. त्याचा धनाचा तोरा व अंगचा भेकडपणा यांवर प्रेक्षक पोटभर हंसतात; परंतु हें धन आलें कोठून, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. विनोदाला तो लागतही नाहीं. ऐतिहासिक नाटकानें मात्र तो टाळूं नये, असें आमचें मत आहे.

अहमदनगरचेंच (आजचें अहिल्यानगर) उदाहरण घ्यावें. १६५७ सालीं शिवाजी महाराजांच्या स्वारांनीं जुन्नर लुटून नगरच्या पेठेपर्यंत धडक मारली, त्या वेळीं औरंगजेब बीदर घेऊन कल्याणीच्या वेढ्यांत गुंतला होता. आणि त्याच्या जोडीला मीर जुमला होता. नगरावरील ही दौड रंगवितांना आपल्या नाटककारांस तलवारींचा खणखणाट ऐकूं येतो, पण समोरच्या छावणींतील हा पुरुष दिसत नाहीं. इराणांतील अर्दिस्तानच्या एका तेलविक्याचा हा मुलगा. गोवळकोंड्यास येऊन तो हिऱ्यांच्या व्यापारांत शिरला, खाणींचे मक्ते घेतले, कर्नाटक जिंकलें, आणि अखेर धन्यासच जड झाला. १६५५ त कुतुबशहानें त्याच्या मुलास कैद केलें; तेंच निमित्त करून पुढील वर्षाच्या आरंभीं मोगल फौज हैदराबादेंत शिरली. नाटकास याहून अधिक काय हवें?

प्रवेश तर आयता लिहिलेला आहे. १६५२ त फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए गंडिकोट्यास त्याला भेटला. पायांच्या बोटांत व डाव्या हाताच्या बोटांत कागद अडकवून नबाब तंबूंत बसला आहे, कारकुनांस उत्तरें सांगतो आहे, मधूनच गुन्हेगारांचा निकाल लावतो आहे, आणि पाहुण्यांच्या हातीं हिऱ्यांच्या पांच लहान थैल्या देतो आहे! (किंबर्लेचा खाणवाला बार्नी बार्नाटो स्वतःच हौसेनें रंगभूमीवर उभा राही, मीर जुमल्यास ती गरज नव्हती.) कोल्लूरच्या खाणीवर पुरुष माती खणीत व बायकापोरें ती वाहून नेत, अशीं ६०,००० माणसें टॅव्हर्निए सांगतो. त्यांतलें एखादें तरी पात्र बोलकें व्हावें.

साधनांविषयीं एक सूचना. मीर जुमल्यानें शहाजहानास दिलेला हिरा टॅव्हर्निएच्या मतें पैलू पाडण्यापूर्वीं ९०० रतींचा होता. वारिसच्या बादशाहनाम्यांत १६५६ च्या नजराण्यांतील मोठा हिरा २१६ रतींचा व २,१६,००० रुपयांचा आहे. दोन्ही हिरे एकच मानून मोठा आंकडा उचलण्याचा मोह नाटककारास होईल. त्यानें दरबारी नोंदच घ्यावी. ती लहान खरी, पण तीवर किंमत लिहिलेली आहे.