शर्यतींतील वैर आणि पडद्यावरील वैर

मोटारींच्या शर्यतींतील खऱ्याखुऱ्या चुरशींवर आधारलेले चित्रपट अलीकडे बरेच निघाले. त्यांपैकीं असिफ कपाडिया यांचा ‘सेन्ना’ (२०१०), रॉन हॉवर्ड यांचा ‘रश’ (२०१३) व जेम्स मँगोल्ड यांचा ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ (२०१९) हे तीन चित्रपट आमच्याकडील सुशिक्षित घरांतूनही आवडीनें पाहिले जातात. तिन्ही चित्रपट कसबी हातांचे आहेत आणि मोटारींचा वेग पडद्यावर उतरविण्यांत त्यांनीं मोठें यश मिळविलें आहे. त्या गुणांचें वर्णन अनेकांनीं केलें आहे. तें पुन्हां करण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस येथें एकाच प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे. ज्यांचीं नांवें खरीं, ज्यांची चुरस खरी आणि ज्यांच्या जखमाही खऱ्या, अशा माणसांची कथा सांगतांना ह्या चित्रपटांनीं वैराचें जें चित्र काढलें, तें शर्यतीचा नाद असलेल्या प्रेक्षकाला पटतें काय ?

कोणी म्हणेल कीं, अमरावती-अकोल्याच्या माणसानें ह्या प्रश्नांत पडावें कशाला ? येथें ना तशी धावपट्टी, ना तशा मोटारी. परंतु शर्यत म्हणजे काय हें वऱ्हाडाला कोणी शिकवावयास नको. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा शंकरपट ज्यानें एकदां पाहिला, त्याला सेकंदाच्या लहानशा तुकड्याची किंमत कळते. कोठें दोन जोड्या शेजारीं शेजारीं सुटतात, कोठें एकेक जोडी एकट्या घड्याळाशीं धांवते. परंतु दोन्हीकडे धुरकऱ्याच्या मनांत दुसरी जोडी असतेच. आणि गंमत अशी कीं, ज्या जोडीनें आपल्याला हरविलें तिच्याभोंवतीं हरलेलींच माणसें आधीं जमतात. बैल कोठून आणला, खुराक काय, सराव किती, ह्याची चौकशी चालते. तींत मत्सर असतो, पण आदरही असतो. आणि हे दोन्ही भाव एकाच चेहऱ्यावर एकाच वेळीं दिसतात.

दुसरें उदाहरण तर ह्या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्याचेंच आहे. जून २०२२ मध्यें अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गाच्या एका पट्ट्यावर ७५ किलोमीटर लांबीचें डांबरी काम १०५ तास ३३ मिनिटें अखंड चालवून पुरें करण्यांत आलें, व त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. पूर्वींचा विक्रम कतार देशांत २०१९ सालीं झालेल्या कामाचा होता. येथील मजुरानें कतारचा मजूर पाहिला नव्हता; वैर असण्याचें तर कारणच नाहीं. तरीही तो दूरचा, न पाहिलेला माणूस पांच दिवस ह्या रस्त्यावर जणूं उभा होता. प्रतिस्पर्धी म्हणतात तो हा. तो आपलें माप असतो. आपण किती आहों हें त्याच्यावांचून आपल्याला कळत नाहीं.

ही कसोटी हातीं घेऊन प्रथम ‘रश’कडे वळूं. १९७६ सालच्या फॉर्म्युला वन जगज्जेतेपदासाठीं इंग्लंडचा जेम्स हंट व ऑस्ट्रियाचा निकी लाउडा यांच्यांत झालेली झुंज हा त्याचा विषय. एक बेफाम, विलासी; दुसरा हिशेबी, तोंडानें फटकळ. हा विरोध पीटर मॉर्गन यांच्या पटकथेंत उत्तम रंगला आहे. मात्र तो रंगविण्यासाठीं दोघांना आरंभापासून एकमेकांचे हाडवैरी दाखविलें आहे. वस्तुतः ते मित्र होते, व लाउडानें हें पुढें अनेकदां सांगितलें आहे. मैत्री असतांना चुरस कशी असेल, ही शंका पटकथाकाराला पडली असावी. आम्हांस तर वाटतें कीं, मैत्री असतांना जी चुरस असते तीच अधिक जीवघेणी.

१ ऑगस्ट १९७६ रोजीं जर्मनींत न्युरबुर्गरिंग येथें लाउडाची मोटार आदळून पेटली. जवळजवळ एक मिनिट तो ज्वाळांत अडकला होता. त्याला बाहेर काढलें तें कोणीं ? आर्तुरो मर्झारियो, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर व हाराल्ड एर्टल ह्या चार स्पर्धकांनीं, आपापल्या मोटारी सोडून. त्यांपैकीं मर्झारियो हा १९७३ पर्यंत फेरारीचाच चालक होता. १९७४ मध्यें त्या पथकांत तो राहिला नाहीं व लाउडा आला. त्याच मर्झारियोनें आगींत हात घालून लाउडाचे पट्टे सोडविले. शर्यतींतील वैर व शर्यतींतील नातें ह्यांविषयीं ह्याहून मोठा प्रसंग कोणत्या नाटककाराला सुचला असता ? परंतु चित्रपटांत तो ओझरता येतो आणि जातो. उलट, लाउडाच्या भाजलेल्या चेहऱ्याविषयीं हीन प्रश्न विचारणाऱ्या वार्ताहराला हंट एकांतांत नेऊन बदडतो, असा एक प्रसंग मात्र ऐसपैस दाखविला आहे. तो सर्वस्वीं कल्पित आहे. टाळ्या घेणारा आहे हें खरें. पण खरें सोनें हाताशीं असतांना मुलामा कशाला, असा प्रश्न पडतो.

तथापि ‘रश’च्या पदरांत त्याचें श्रेय टाकलेंच पाहिजे. रुग्णालयांत यातना भोगणारा लाउडा हंटचे विजय पडद्यावर पाहतो आणि त्या दर्शनानेंच उठून उभा राहतो, हें दृश्य शर्यतीचें मर्म जाणणाऱ्याचें आहे. अपघातानंतर सहाच आठवड्यांनीं इटलींत मोंझा येथें लाउडा खरोखर धांवला व चौथा आला. पुढें २४ ऑक्टोबरला जपानांत फुजी येथें मुसळधार पावसांत दोन फेऱ्यांनंतर त्यानें मोटार थांबविली. हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणानें जगज्जेता झाला. यंत्र बिघडल्याचें सांगूं, असें लाउडाच्या पथकानें सुचविलें असतां त्यानें तें नाकारलें. जगज्जेतेपद सोडणें एक वेळ सोपें. त्यासाठीं सबब न सांगणें अवघड. ह्या नकाराला योग्य ती जागा मिळती, तर चित्रपटाची उंची वाढली असती.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ची गोष्ट निराळी. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत १९६६ सालीं अमेरिकेच्या फोर्ड कंपनीनें इटलीच्या फेरारीवर मात केली, ही त्याची कथा. नांवांत दोन कंपन्यांचें वैर आहे. परंतु चित्रपट जसजसा पुढें जातो, तसतसें लक्षांत येतें कीं खरें भांडण मोटार चालविणारा आणि कचेरींत बसणारा यांच्यांत आहे. केन माइल्स आघाडीवर असतां, तिन्ही फोर्ड मोटारी एकत्र पोंचाव्या म्हणून त्याला वेग कमी करावयास सांगण्यांत आलें. त्यानें तो केला. ब्रूस मॅक्लारेनची मोटार आरंभीं त्याच्या मागें उभी होती. म्हणून तिनें अधिक अंतर तोडलें असें ठरून विजय तिकडे गेला. दोन महिन्यांच्या आंतच नवी मोटार चालवून पाहतांना माइल्स मरण पावला. आयुष्यभर नोकरी केलेल्या कोणत्याही वाचकाला ही कथा परकी वाटणार नाहीं. मात्र येथेंही कंपनीचे अधिकारी लिओ बीब यांस सरळ खलपुरुष बनविलें आहे. एका दुष्ट माणसावर सारें ढकललें कीं, कंपनी नांवाची वस्तु कशी चालते हा कठीण प्रश्न सुटतो, म्हणजे टळतो.

ह्याच चित्रपटांत आणखी एक कल्पित गोष्ट आहे. एन्झो फेरारी ल माँ येथें हजर असून शेवटीं माइल्सला मानवंदना देतो असें दाखविलें आहे. वास्तविक तो तेथें गेलाच नव्हता. परंतु ही असत्य गोष्ट आम्हांस खटकत नाहीं. स्वतःच्या माणसांनीं ज्याची किंमत केली नाहीं, त्याची किंमत प्रतिस्पर्ध्यानें केली, हें त्या एका मानेच्या हालचालींत आलें. आमच्या पटावर हरलेला मालक जेंं करतो तेंच हें.

‘सेन्ना’ हा तर खऱ्या चित्रफितींतून जुळविलेला. ब्राझीलचा आयर्टन सेन्ना व फ्रान्सचा अलाँ प्रॉस्ट यांची १९८९ व १९९० सालीं जपानांत सुझुका येथें झालेली टक्कर जशी घडली तशी दिसते. एकही प्रसंग बनावट नाहीं. तरीही कात्री एका बाजूची आहे. सेन्ना भाविक, तेजस्वी. प्रॉस्ट धूर्त, थंड, अशी विभागणी चित्रपटभर टिकते. १ मे १९९४ रोजीं इमोला येथें सेन्ना मृत्यु पावला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता, व सेन्नाच्या नांवें निघालेल्या संस्थेचा तो पुढें विश्वस्तही झाला. चित्रपट हें लपवीत नाहीं, पण अखेरीस उरकतो. जो माणूस खांदा देण्यास आला, तो आधींही तोच माणूस होता. त्याचें तें रूप आधीं कां दिसूं नये?

यावर उत्तर ठरलेलें आहे : कला म्हणजे इतिहास नव्हे. हा वाद मराठीला नवा नाहीं. ऐतिहासिक नाटकें व कादंबऱ्या यांच्या निमित्तानें आपल्या मासिकांतून तो पुष्कळ गाजला आहे. नाटककारानें कल्पना लढवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. एन्झोच्या मानवंदनेवरून तें स्पष्ट आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कल्पनेनें सत्याला फोड द्यावी, त्याला सोपें करूं नये. ‘कीचकवधां’त कीचक काळाकुट्ट असला तर शोभतो, कारण तो पुराणांतला. परंतु प्रॉस्ट आज हयात आहे, बीबचीं मुलेंनातवंडें असतील. खऱ्या माणसाला खलपुरुषाचा पोषाख चढवितांना हात जरा थबकला पाहिजे.

हा विचार दूरदेशच्या चित्रपटांपुरता नाहीं. ‘रंगा पतंगा’ (२०१६) ह्या मराठी चित्रपटांत विदर्भांतील शेतकऱ्याची हरवलेली बैलजोडी आली. पण पटाची चुरस हा त्याचा विषय नव्हे. मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ह्या शर्यती बंद झाल्या. २०१७ सालीं राज्यानें कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला. पट पुन्हां भरूं लागले. तेव्हां केव्हां ना केव्हां त्यावर चित्रपट निघेलच. त्यांत एक गोष्ट विसरतां कामा नये. हंट व लाउडा यांनीं जीव धोक्यांत घातला तो स्वतःचा, स्वखुषीनें. बैलाला मात्र कोणीं विचारलेलें नसतें. दोन मालकांची चुरस तो आपल्या मानेवर वाहतो. न्यायालयांत इतकीं वर्षें जो वाद चालला त्याचें मूळ हेंच. त्या मुक्या जिवाकडे न पाहतां केवळ मालकांचें वैर रंगवील तो चित्रपट अर्धाच राहील.

आणि त्या वैरासाठीं गांवचा कोणी पाटील वा सावकार मिशांना पीळ देत उभा करण्याची गरज नाहीं. दिग्दर्शकानें निकाल पुकारला जात असतां हरलेल्या जोडीच्या धन्याकडे पाहावें. तो जिंकलेल्या बैलांकडे ज्या नजरेनें पाहतो, तिच्यांत चित्रपटाला पुरेल इतकें सर्व कांहीं असतें.